हकिकत शेळीगडाच्या दहा होनांची

श्री. विघ्नहर्त्या गणरायास वंदन, शारदेस वंदन, आणि या दोन वंदनांचे जे पुण्य पदरी पडले त्यातील दहांत तीन भाग आरसेपेठेच्या देवडीवर आधी चुकते करून, उरलेल्या सातांच्या बळावर ही हकिकत लिहिली असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर. नाव ज्योतिषांनी ठेविले, खेळगड्यांनी नव्हे. तरी नेमके पडले. ते समयी एक राज्य होते. त्या राज्यात लहानथोर सर्वांचे हाती काचपाटी असे, आणि रयत उठता बसता त्या काचेत पाहून चित्रांचे खेळ खेळे, आणि काचेचे आत एक पेठ वसली होती, तीस आरसेपेठ म्हणत. पेठेचे धनी त्रिंबकशेट. शेटजी मोठे पुण्यवान. त्यांनी स्वतः कधी खेळ रचिला नाही, कधी खेळिला नाही, म्हणून कधी हरलेही नाहीत. परंतु राज्यात जो जो खेळ विकला जाई, त्याच्या दहा होनांतले तीन होन आपल्या पायांनी शेटजींकडे चालत येत. यास देवडी म्हणत. तीनच का, दोन का नाही, ऐसे कोणी विचारिले असता पेठेचे कारकून गंभीर मुद्रा करून सांगत की, पूर्वी खेळ लाकडी पेटीत घालून बैलांवरून गावोगाव नेत, तेव्हा बैलाचा चारा, गाडीवानाची भाकर, दुकानाचे भाडे मिळून जे लागे त्याहून हे तीन होन कमीच आहेत. बैल जाऊन वीस वर्षे जाहली होती. चारा चालू होता. खोटे कशास लिहावे, पेठेत सुखही होते. नाणे पारखून मिळे, चोराचे भय नसे, न आवडलेला खेळ पाच घटकांचे आत परत करिता येई, आणि मुख्य म्हणजे सारे जग तेथेच होते. जेथे सारे जग असते तेथे दुकान मांडण्यास कोणी जबरी करीत नाही. दुसरीकडे मांडले तर माश्या येतात, इतकेच.

त्या राज्यात नदीकाठच्या एका कसब्यात वेणूबाई चितारी म्हणून एक बाई राहत. पूर्वी त्या देवळांच्या भिंती रंगवीत. पुढे भिंती पांढऱ्या सफेत ठेवण्याची टूम निघाली, म्हणून बाईंनी काचेवर चित्रे काढण्यास आरंभ केला. स्वभाव हट्टी, जीभ तिखट, आणि शब्द देताना मागेपुढे पाहण्याची सवय नाही. त्यांचे शेजारी मल्हारी गवंडे, बाईंहून चार वर्षांनी लहान, यंत्रगणितात निष्णात. बाईंनी चित्र काढावे आणि मल्हारीने त्यास चालते करावे, ऐसे दोघांनी चार वर्षे खपून एक खेळ रचिला. त्याचे नाव शेळीगड. त्यातील कथा ऐसी की, एक गड पडतो, माणसे रातोरात उतरून जातात, आणि एक शेळी वरच राहून जाते. पुढे तिने एकटीने गड राखावयाचा. ऊन आहे, वारा आहे, बिबळ्या आहे, तोफेच्या तोंडात घरटे केलेली एक भांडखोर साळुंकी आहे. शेळीस लढता येत नाही. तिला चढता येते, चावता येते आणि गळ्यातली घंटा वाजविता येते. शेवटी शत्रू तटाखाली येतो, वर घंटा वाजते, शत्रूस वाटते आत अजून शिबंदी आहे, आणि तो मागे फिरतो. बाईंनी त्या शेळीचे कान सतरा वेळा पुसून पुन्हा काढिले होते. मल्हारी म्हणे, "बाई, कान कोण पाहतो?" बाई म्हणत, "शेळी पाहते."

मग किंमत ठरविण्याची वेळ आली. दोघांनी बसून दहा होन ठरविले. दहा होन म्हणजे त्या राज्यात दोन माणसांचे एक वेळचे बरे जेवण, तेही गोडाविना. पेठेचा करारनामा आला, त्यात चौऱ्यांशी कलमे. मल्हारीने सर्व वाचिली आणि एकाहत्तराव्या कलमावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, हा खेळ अन्यत्र कोठेही एक रुका कमी घेऊन विकू नये, ऐसे लिहिले आहे." बाई म्हणाल्या, "अन्यत्र आहेच कोठे?" आणि सही केली. त्या राज्यात करार वाचणारा आणि सही करणारा हे बहुधा दोन निराळे इसम असत. शेळीगड पेठेत उभा राहिला. पहिले महिन्यात सहाशे लोकांनी घेतला, आणि बाईंस वाटले आता दिवस पालटले.

तोच एके सकाळी मल्हारी काचपाटी घेऊन आला आणि ती बाईंपुढे धरिली. पेठेत खेळाखाली खेळगड्यांनी अभिप्राय लिहावा आणि एक ते पाच चांदण्या द्याव्या ऐसी रीत असे. शेळीगडाखाली कोणा आबा तांबट नावाचे गृहस्थाने एक चांदणी देऊन लिहिले होते की, "शेळी बरी आहे. दहा होन घेताना लाज वाटावयास पाहिजे होती." खेळगड्याने खेळ किती वेळ खेळिला हे पेठ आपण होऊन खाली लिहीत असे. आबांचे नावाखाली लिहिले होते, दीडशे घटका. बाईंचे मस्तक फिरले. चौकशी करिता कळले की हे आबा दूरदेशीचे नव्हेत, याच कसब्यात तांबट आळीत राहतात. मग बाईंनी पदर खोचला आणि खासा स्वारी तांबट आळीत गेली. आबा साठीचे, अंगाने आडवे, हंडा ठोकीत बसले होते. बाई म्हणाल्या, "आबा तांबट आपणच काय?" आबा म्हणाले, "मीच. कल्हई की पोचा?" बाई म्हणाल्या, "चांदणी. आपण माझ्या शेळीस एक चांदणी दिली." आबांचा हातोडा वरचे वर राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली ठेविला, एक पाट पुढे सरकविला आणि म्हणाले, "शेळी आपली काय? बसा, बसा. पाणी घेणार?" बाई बसल्या नाहीत. "दीडशे घटका खेळिलात आणि एक चांदणी? हाताला काही वाटले नाही?" आबा ओशाळले, परंतु हार मानणारे नव्हते. म्हणाले, "बाई, ती चांदणी शेळीस दिलेली नाही, किमतीस दिली आहे. किमतीस निराळी चांदणी द्यावी ऐसी सोय पेठेने ठेविली नाही, त्यास मी काय करू?" मग बाईंनी उभ्या उभ्या त्यांसी सर्व समजाविले की दहांतले तीन होन त्रिंबकशेटाचे, आमच्या हाती सात येतात, त्यात दोन घरे आणि चार वर्षे. आबांनी सर्व ऐकून घेतले, मान हलविली आणि म्हणाले, "मग सोपे आहे. माझ्या मेहुण्यास हा खेळ पाहिजे. त्यास घरून सात होनास द्या. आपले सात आपणांस पोचले, त्याचे तीन वाचले. त्रिंबकशेटास तीन होन देऊन तो काय आम्हांस पंक्तीस बोलावणार आहे?" भांडावयास आलेल्या माणसास न्याय्य बोलणे ऐकावे लागले की त्याची फार कुचंबणा होते. बाई म्हणाल्या, "पाठवा मेहुण्यास."

मेहुणा आला. मेहुण्याचा व्याही आला. मग तांबट आळी आली, मग सराफ आळी, आणि बाईंनी दारावर पाटी लाविली की शेळीगड, सात होन, आत यावे. मल्हारी म्हणाला, "बाई, एकाहत्तर." बाई म्हणाल्या, "इतक्या मोठ्या पेठेस माझ्या दारावरची पाटी कशास दिसते?" पेठेस दिसली. पंधरवड्यात त्रिंबकशेटांचे कचेरीतून पत्र आले. पत्र इतके गोड की मुंग्या लागाव्या. त्यात लिहिले होते की, आपल्या यशाविषयी आम्हांस मनापासून कळकळ आहे, आपणांसारखे कलावंत हेच पेठेचे भूषण, सबब आपला खेळ आजपासून पेठेतून उचलिला आहे. बाईंनी काच उघडून पाहिली. काल जेथे शेळी उभी होती तेथे आज उधळे नावाच्या एका बड्या सरदाराचे खेळातील एक घोडा उभा होता, आणि त्याचे खोगीर निराळे पाच होनांस होते. इकडे दाराशी नव्वद खेळ विकून कसबा संपला, कारण कसब्याबाहेर बाईंचे दार कोणास ठाऊक? मल्हारी पायरीवर बसून म्हणाला, "बाई, लोकांचे तीन होन वाचवावयास निघालो आणि आपले सातही गेले." बाईंस त्या दिवशी प्रथम भय वाटले, ऐसे त्या पुढे स्वतःच सांगत. भय फार वेळ टिकले नाही. त्याचे जागी राग आला, आणि राग हे बाईंचे ओळखीचे घर होते.

मग बाईंनी हुजूर न्यायसभेत अर्जी गुदरली की, देवडीचे तीन होन जुलमाचे आहेत आणि एकाहत्तरावे कलम त्याहून जुलमाचे. इतर खेळ रचणाऱ्यांस बाईंनी पत्रे लिहिली की सह्या कराव्या. सर्वांनी उलट लिहिले की आपला लढा आमचाच लढा आहे, परंतु सही मात्र पेठेस दिसते. ऐसे चालले असता एके दिवशी बाईंचे दाराशी पालखी उतरली आणि आतून सरदार रंगराव उधळे उतरले. उधळे म्हणजे राज्यातील सर्वांत मोठा खेळांचा कारखाना. पाचशे चितारी, आठशे यंत्री, आणि खेळाची किंमत सत्तर होन. सत्तर होनांत घोडा मिळे. खोगीर, लगाम आणि घोड्याचा उत्साह हे निराळे. उधळ्यांनी याआधी स्वतःची एक पेठ काढून पाहिली होती. तेथे देवडीस एकच होन घेत आणि दर गुरुवारी एक खेळ फुकट वाटीत. लोक गुरुवारी येत, फुकटचा खेळ उचलीत आणि शुक्रवारी आरसेपेठेत परत जात, कारण सोयरेधायरे तिकडे, आणि नव्या पेठेचा परवलीचा शब्द कोणास आठवत नसे. तेव्हापासून सरदारांस न्यायाची बहुत आवड उत्पन्न जाहली होती. ते बाईंस म्हणाले, "ताई, हा लढा पैशाचा नव्हे. हा गरीब खेळगड्यांचा लढा आहे." ऐसे म्हणताना त्यांचे डोळ्यांत पाणी आले, आणि सोबतच्या कारकुनाने ते टिपून घेतले, रुमालानेही आणि दप्तरातही. मल्हारी मागून पुटपुटला, "खोगीर किती गरिबांनी घेतले असेल?" परंतु सरदारांकडे बारा वकील होते आणि बाईंकडे मल्हारी. बाईंनी सरदारांचा हात धरिला.

सुनावणीचे दिवशी न्यायसभेपुढील मैदानात खेळगड्यांची बेसुमार गर्दी जाहली. हजारो लोक काचपाट्या डोक्यावर धरून आले आणि "दर उतरवा, दर उतरवा" ऐसा एकच गजर जाहला. उधळे सरदार हत्तीवर बसून दोन शब्द बोलिले, ते पाऊण प्रहर चालले, आणि त्यात किंमत हा शब्द एकदाही आला नाही. मग लोकांनी बाईंस ओट्यावर उभे केले. बाईंनी इतकी माणसे एका जागी कधी पाहिली नव्हती. चार वर्षे त्यांनी एका खोलीत एका शेळीचे तोंड पाहिले होते. समोर आबा तांबट मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून उभे होते, ते ओरडले, "बाई, देवडी उतरली तर आम्हांस काय?" बाई बोलून गेल्या की, "देवडी उतरली तर ते तीन होन तुमचे. शेळीगड सात होनास मिळेल. हा वेणूचा शब्द." त्यावर जो जयजयकार जाहला तो नदीपलीकडे ऐकू गेला, आणि आबा ओरडले, "लिहून घ्या रे कोणी!" मल्हारीने बोटांवर काही मोजिले आणि डोळे मिटून घेतले. बाई खाली येताच तो म्हणाला, "बाई, देवडी अगदीच उठली तरच सात होन बरोबर बसतात. देवडी उठत नसते, उतरते. उतरली आणि दहावा भाग जरी राहिला, तरी सातांतून तो जाऊन सहाच्या वर थोडे उरेल. आज जुलमात आपणांस सात मिळत होते." बाई म्हणाल्या, "हे आधी का नाही बोललास?" मल्हारी म्हणाला, "आधी आपण ओट्यावर होतात."

न्यायाधीश काशीपंत वृद्ध, कानाने किंचित कमी, परंतु बुद्धीने ताठ. त्यांनी प्रथम त्रिंबकशेटांस उभे केले. शेटजी पांढरे अंगरखे घालून, हात जोडून उभे राहिले. पंत म्हणाले, "शेटजी, तीन होन कशाचे घेता?" शेटजी म्हणाले, "महाराज, घेत कोठे? लोक ठेवून जातात. आम्ही सावली देतो." पंत म्हणाले, "एकाहत्तरावे कलम हेही सावलीच काय?" शेटजी म्हणाले, "ते सावलीचे कुंपण, महाराज. उन्हात गेलेल्यास भोवळ येऊ नये म्हणून." सभेत हशा पिकला, पंतांस नीट ऐकू गेले नसावे, ते हसले नाहीत. मग त्यांनी उधळे सरदारांस विचारिले, "देवडी उतरल्यास आपण सत्तर होनांचे किती कराल?" सरदारांनी बारा वकिलांकडे पाहिले, बारा वकिलांनी छताकडे पाहिले, आणि सरदार म्हणाले, "महाराज, जी बचत होईल ती खेळगड्यांच्या आनंदातच घालू." पंत म्हणाले, "आकडा सांगा." सरदार म्हणाले, "आनंदास आकडा नसतो, महाराज." शेवटी पंतांनी बाईंस तोच प्रश्न केला. बाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "सात." पंतांनी कानाला हात लाविला. "किती?" बाई मोठ्याने म्हणाल्या, "सात, महाराज," आणि या खेपेस हिशेब त्यांसही ठाऊक होता. पंतांनी चष्म्यावरून त्यांकडे बराच वेळ पाहिले, आणि तिसरे दिवशी निवाडा दिला की, देवडीने दहांत तीन नव्हे, दहांत एक घ्यावा. एकाहत्तरावे कलम रद्द. शेळी पेठेत सन्मानाने परत घ्यावी.

राज्यात गुलाल उधळला. त्रिंबकशेटांनी निवाडा शिरसावंद्य मानिला, पेठेत पेढे वाटिले, आणि दुसरे दिवशी दिवापट्टी नावाची एक लहानशी नवी पट्टी बसविली. पट्टी सर्वस्वी ऐच्छिक. जो दहांत आणखी दोन होन देईल त्याच्या दुकानापुढे दिवा लागेल. जो न देईल त्याचे दुकान काढणार नाही, हलविणार नाही, फक्त तेथे अंधार असेल. दोन आणि एक किती होतात, हे विचारण्याचा अधिकार निवाड्यात लिहिलेला नव्हता. उधळे सरदारांनी विजयाचे स्मरणार्थ आपले खेळाची किंमत सत्तरावरून पंच्याहत्तर केली आणि खोगिरावर विजयपताका काढिली. पताका निराळी दोन होन. ज्यांनी सह्या केल्या नव्हत्या त्या सर्व खेळ रचणाऱ्यांनी बाईंस अभिनंदनाची पत्रे लिहिली आणि आपल्या किमती जेथे होत्या तेथेच ठेविल्या. मल्हारी बाईंस म्हणाला, "एकानेही उतरविली नाही. आपणही दहा ठेवू. चार वर्षांत प्रथम नऊ होन हाती येतील. लोक विसरतात." बाई म्हणाल्या, "मी विसरत नाही ना." आणि त्यांनी शेळीगडापुढे सात लिहिले. त्या आकड्याकडे पाहून त्यांस फार बरे वाटले. दोन दिवस वाटले.

तिसरे दिवशी अभिप्राय येऊ लागले. एकाने लिहिले की, सात होनास परवडत होते तर आजवर दहा का घेतले, लुटारू कोण हे आता कळले. दुसऱ्याने लिहिले की, मी दहा दिले होते, माझे तीन परत करावे, व्याजासह. तिसऱ्याने पुसले की सवलतीची जत्रा कधी, पाचास आला म्हणजे घेईन. चौथ्याने लिहिले की सात होनांचा खेळ तो कसला असणार, मी पंच्याहत्तरांचा घेतला आहे, त्यात निदान घोडा आहे. आणि हे अभिप्रायही थोडेच, कारण बाईंनी दिवापट्टी दिली नव्हती. अंधारात शेळी कोणास दिसेना. महिन्यास चाळीस खेळ खपले, पुढील महिन्यास सव्वीस. मल्हारीने वाट पाहिली, मग एके दुपारी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, पेठेने चाकरीस बोलाविले आहे. जावयाचे म्हणतो." बाई म्हणाल्या, "कोणत्या खात्यात?" मल्हारीने मान खाली घातली. "दिव्यांच्या." बाईंस काही तिखट बोलावयाचे होते. परंतु मल्हारीच्या अंगरख्याचे कोपर विरलेले दिसले, आणि त्या म्हणाल्या, "जा. जेवून जा." मल्हारी जेवला आणि गेला. त्यानंतर बाईंनी सात दिवस एकही रेघ ओढिली नाही. दुसरा खेळ मनात तयार होता, त्यातील नदी मनात वाहत होती, परंतु काचेवर तीस चालविणार कोण आणि तोवर खाणार काय, हे कळेना.

आठवे दिवशी बाईंनी दवंडी पिटविली की वेणू चितारी उद्या सकाळी मैदानात काही बोलणार आहे. त्यांस वाटले दगड पडतील, म्हणून जुने लुगडे नेसून गेल्या. मैदानात अकरा माणसे आली होती, त्यातील दोघे उसाचा रस विकणारे. बाकीचे राज्य त्या दिवशी उधळ्यांची पताका घेण्याच्या रांगेत होते. आबा तांबट मात्र पुढे बसले होते. बाई त्याच ओट्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "मी येथे उभी राहून सात होनांचा शब्द दिला. सात होनांत माझे घर चालत नाही आणि दुसरा खेळ होत नाही. मी हिशेब न करिता, टाळ्या ऐकून बोलले. उद्यापासून शेळीगड दहा होन. शब्द मोडला, तो मी मोडला. त्रिंबकशेटावर ढकलीत नाही." रसवाल्याने घुंगरू हलविले आणि पुन्हा धरिले. मग आबा उठले. म्हणाले, "मी 'लिहून घ्या' म्हणालो होतो." बाई म्हणाल्या, "म्हणाला होतात." आबा म्हणाले, "मजला राग आहे." बाई म्हणाल्या, "असावा." आबा ओट्याजवळ आले आणि आवाज उतरवून बोलिले, "राग शब्दाचा नाही, बाई. पन्नास वर्षे भांडी करितो. कोळसा केवढ्यास पडला, तांबे कोणी महाग केले, हे मी गिऱ्हाइकास कधी सांगितले नाही. सांगितले असते तर तो कोळशाचेच पैसे मोजीत बसता. आपण त्या दिवशी माझ्या दाराशी आलात आणि तीन होनांची गोष्ट सांगितली, म्हणून मी तीन होन मागितले. शेळीची सांगितली असती, तर दहा मुकाट दिले असते."

बाई ओट्यावरच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग आता सांगते." आणि त्यांनी काचपाटी काढून ओट्यावर उभी केली आणि खेळ आरंभिला. गड पडला, माणसे उतरून गेली, शेळी राहिली. अकरा माणसे जवळ सरकली. साळुंकीने शेळीस शिव्या घातल्या तेव्हा रसवाले हसले. बिबळ्या आला तेव्हा आबा, ज्यांनी तो दीडशे घटका पाहिला होता, तेच ओरडले, "डावीकडे, बाई, डावीकडे!" पताकेच्या रांगेतून कंटाळलेले चारजण आले, मग दहा आले, मग रांगेचे शेपूटच इकडे वळले. शत्रू तटाखाली आला आणि वर घंटा वाजली, तेव्हा रसवाल्याने घुंगरू मुठीत दाबून धरिले. त्या दिवशी साठ खेळ गेले, दहा होनांनी. देवडी किती, दिवा किती, हे कोणी विचारिले नाही आणि बाईंनी सांगितले नाही. पुढे दर आठवड्यास बाई एका नव्या गावी जाऊन ओटा शोधीत आणि खेळ मांडीत. अंगास धूळ लागे, घसा बसे, आणि कधी चारच माणसे येत. तरी घर चालले. काही दिवसांनी मल्हारी रविवारचा येऊ लागला. म्हणे, "तेथे पगार वेळेवर आहे, काम इतकेच की कोणाचा दिवा विझवावा." सहा दिवस तो दिवे विझवी आणि सातवे दिवशी बाईंची नदी वाहती करी. नदी दोन वर्षांत तयार जाहली. पेठेच्या कारकुनाने रीतीप्रमाणे विचारिले, "किंमत?" बाई म्हणाल्या, "बारा होन." कारकून म्हणाला, "बारा कशाचे म्हणून लिहू?" बाई म्हणाल्या, "नदीचे."

ऐसे हे वर्तमान जाहले. तात्पर्याने लिहावयाचे तर, त्रिंबकशेटांस तीन होन पूर्वीही मिळत आणि निवाड्यानंतरही मिळत. फक्त पूर्वी त्यास देवडी म्हणत, आता दिवा म्हणतात. उधळे सरदारांस खेळगड्यांचे कैवारी म्हणून राज्यात मानाचे पान मिळाले, आणि त्यांचा घोडा नव्वद होनांवर जाऊन पोचला. काशीपंतांचा निवाडा शिळेवर कोरून पेठेच्या तोंडाशी बसविला आहे. दिवापट्टी भरलेली नसल्यामुळे तो वाचता येत नाही. मल्हारी गवंडे दिव्यांच्या खात्यात बढतीस चढले आणि रविवार सोडीनात. आबा तांबटांनी नदीचा खेळ पहिल्या दिवशी बारा होन देऊन घेतला, आणि अकरास मिळाला असता तर बरे होते, ऐसे ते अद्याप सांगतात. वेणूबाईंनी त्यानंतर ओट्यावरून कोणास कसलाही शब्द दिला नाही. न्याय सर्वांस मिळाला. ज्याने त्याने आपला केवढा उचलिला, ते ज्याचे त्यास ठाऊक. लेखणी येथे खाली ठेविली असे.